उधारीचं पदक



शाळा सुरू झाली. नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली असतील, दप्तराचा नवा वास अजून गेला नसेल. आमच्या शीव कोळीवाड्यात पहिला मोठा पाऊस झाला की किंग्ज सर्कलला पाणी साचतं आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं उशिरा येतात. उरलेल्या निम्म्या मुलांना घेऊन धडा पुढे नेता येत नाही, म्हणून त्या दिवशी आम्ही गप्पा मारतो. आजच्या ‘शाळा सुटल्यावर’मध्ये त्या गप्पांतलीच एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझीच आहे आणि ती सांगताना मला थोडी लाज वाटते आहे. पण सांगायला हवी.

माझ्या वर्गातल्या टेबलाच्या खणात एक पदक आहे. गोल, पितळी रंगाचं, जाड फितीचं. त्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली आहे. चिठ्ठीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलंय : ‘उधार’.

पदक कधी उधार असतं का? ऐका तर मग.

मिकी माऊसच्या गावात

जानेवारी महिन्यात, मुलं तिसरीत असताना, एक मुलगा धावतच वर्गात आला. त्याचा मामा अमेरिकेत असतो. मामानं फोनवर फोटो पाठवले होते. “बाई, मिकी माऊसच्या गावात मॅरेथॉन असते! आणि पळताना मिकी रस्त्यात उभा असतो! आपण जाऊया का?”

सगळा वर्ग ओरडला, “जाऊया, जाऊया!”

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी बाईंनी “गप्प बसा” म्हणायचं की पृथ्वीगोल काढायचा? मी पृथ्वीगोल काढला.

ते गाव म्हणजे अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. ऑर्लँडो शहराजवळ आहे. १९७१ साली सुरू झालं. तुमच्या आईबाबांना शाळेच्या सहलीत पाहिलेलं गोराईचं एस्सेल वर्ल्ड आठवत असेल, तुमच्यापैकी काही जण खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आले असतील. तसंच हेही, पण आकार ऐका. साधारण १०० चौरस किलोमीटर! कुलाब्यापासून आमच्या शीवपर्यंतचं मुंबईचं बेट आहे ना, ते ६८ चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे अख्खी जुनी मुंबई त्यात मावेल आणि वर जागा उरेल. शीव या शब्दाचा अर्थच मुळी वेस, हद्द. पूर्वी मुंबई इथे संपायची आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. तेव्हा आम्हा शीवच्या मुलांना हा हिशोब पटकन कळला.

एवढ्या मोठ्या जागेत १९९४ सालापासून जानेवारीत मॅरेथॉन होते. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. मुलांना एवढे किलोमीटर डोळ्यांपुढे येईनात, म्हणून आम्ही लोकलचा नकाशा घेतला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पळायला लागलात, दादर गेलं, शीव गेलं, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणं गेलं, खाडी ओलांडली, मुंब्रा गेलं, की साधारण दिव्याला मॅरेथॉन संपेल. अर्धमॅरेथॉन त्याच्या निम्मी, म्हणजे घाटकोपरच्या थोडं पुढे.

“बापरे! गाडीनंपण कंटाळा येतो,” एक जण म्हणाला.

डिस्नेची शर्यत पहाटे पाचच्या सुमाराला सुटते. त्या वेळी आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, कारण जानेवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. पाचची शर्यत म्हणजे तीन-साडेतीनला हॉटेलातून निघायचं! वाटेत परीकथेतला राजवाडा लागतो, चार वेगवेगळी उद्यानं लागतात, कडेला गोष्टीतली पात्रं उभी असतात आणि पळणारे थांबून फोटो काढतात. काही हौशी माणसं तर चार दिवसांत चार शर्यती पळतात. पहिल्या दिवशी ५ किलोमीटर, मग १०, मग अर्धमॅरेथॉन, मग पूर्ण. करा बेरीज. साधारण ७८ किलोमीटर!

लहान मुलांनाही पळता येतं. पण ५ किलोमीटरला वय किमान ५, अर्धमॅरेथॉनला १४ आणि पूर्ण मॅरेथॉनला १८. माझ्या वर्गाचा हिरमोड झाला. “म्हणजे आम्हाला अजून नऊ-दहा वर्षं थांबायचं?” हो, थांबायचं. वाढत्या हाडांना फार लांबचं पळणं सोसत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी हे वाचून उद्या घाटकोपरला पळत निघू नका, बरं का!

मग मी त्यांना फुग्यांची गंमत सांगितली. या शर्यतीत सगळ्यात शेवटी काही बायका फुगे बांधून चालतात. एका मैलाला १६ मिनिटं, म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ १० मिनिटं, या ठरलेल्या वेगानं. त्यांच्या पुढे राहिलात तर ठीक. फुगे तुमच्या पुढे गेले की समजायचं, आपण मागे पडलो. फार मागे पडलेल्यांना बसमध्ये बसवतात, कारण रस्ते पुन्हा मोकळे करायचे असतात.

वर्ग खो खो हसला. आणि मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “बाई, जे बसमध्ये बसतात त्यांनापण मेडल देतात का?”

माझ्या हातातला खडू हातातच राहिला.

जे सांगितलं नव्हतं ते

त्याच्या आदल्या वर्षी मी एका बाहेरगावच्या अर्धमॅरेथॉनला गेले होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. माझी होती. सोळा किलोमीटरनंतर माझ्या पोटऱ्यांत असे गोळे आले की पाऊल टाकवेना. टाचा सोलवटल्या होत्या. मागून बस आली आणि मी निमूटपणे तिच्यात चढले. बसनं मैदानावर सोडलं. तिथे ही गर्दी! एका स्वयंसेवक मुलीनं “वा ताई, शाब्बास!” म्हणत माझ्या गळ्यात पदक घातलं.

मला तेव्हा म्हणता आलं असतं, “अगं, मी बसमधून आले.” चार शब्द. पण मी ते बोलले नाही.

सोमवारी शाळेत आले तर मुलांनी फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलं होतं, ‘आमच्या बाई पहिल्या’. कुणी सांगितलं त्यांना पहिल्या म्हणून, देव जाणे. कागदी फुलांची माळ केली होती. मी पदक दाखवलं आणि म्हटलं, “पळून आले.” सोळा किलोमीटर पळाले होते, म्हणजे तसं खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, हो की नाही? अर्धं खरं फार चलाख असतं. ते खऱ्याचा गणवेश घालून येतं.

आणि आता दोन वेण्या घातलेली एक मुलगी उत्तराची वाट बघत होती.

मी खडू ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बसचं, पदकाचं, न बोललेल्या चार शब्दांचं.

वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं होतं, मुलं हसतील. हसलं कुणीच नाही. मग एक जण म्हणाला, “परत पाठवून द्या.” दुसरा म्हणाला, “लपवून ठेवा.” तिसरीनं विचारलं, “तुम्ही रडलात का बसमध्ये?” मी म्हटलं, “हो, थोडीशी.”

शेवटी किराणा दुकानवाल्यांचा मुलगा उठला. अगदी मोठ्या माणसासारखा म्हणाला, “बाई, आमच्या दुकानात उधारीची वही असते. घेतलं की लिहायचं. दिलं की खोडायचं. बाबा म्हणतात, उधार घेणं वाईट नाही, लिहिलं नाही तर वाईट. तुम्ही मेडल उधार घेतलंय असं लिहा ना!”

ती चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली आहे. मी त्या शर्यतीच्या आयोजकांनाही खरं काय ते कळवलं आणि पदक परत पाठवू का, असं विचारलं. ‘राहू द्या, पुढच्या वेळी पूर्ण करा,’ असं उत्तर आलं. ते मी वर्गात वाचून दाखवलं.

आता उधारी फेडायची कुठे?

चौदा हजार की अडीचशे?

“डिस्नेलाच जा!” वर्गानं एकमतानं ठरवलं. मग आम्ही पृथ्वीगोलावर दोरा धरला. मुंबई ते ऑर्लँडो साधारण १४,००० किलोमीटर. थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलायचं. पासपोर्ट हवा, व्हिसा हवा. एका माणसाचा खर्च काही लाखांत. मुलांनी माझ्याकडे बघितलं, मी मुलांकडे बघितलं.

“त्यापेक्षा जवळचं एखादं सांगा ना, बाई,” किराणावाला म्हणाला.

जवळचं होतं. सातारा! शीवहून रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ऑर्लँडोच्या अंतरात साताऱ्याच्या छप्पन्न खेपा. तिथे २०१२ पासून डोंगरातली अर्धमॅरेथॉन होते, सातारा हिल हाफ मॅरेथॉन. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला पुढे जायचं आणि तिथून वळून परत गावात यायचं. पहिल्या निम्म्या वाटेत बहुतेक चढ, उरलेल्या निम्म्यात बहुतेक उतार. दिवस पावसाळ्याच्या शेवटाकडचे, म्हणजे डोंगर हिरवे आणि घाटात धुकं. मिकी माऊस नाही, पण सातारकर रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात.

“पण तिथे चढ आहे आणि तुम्ही तर सपाटीवर दमलात,” वेण्यावाली म्हणाली.

किराणावाला म्हणाला, “चढ म्हणजे व्याज समजा, बाई!”

झालं. ठरलं.

टाचण काढा!

तुम्हाला एक गुपित सांगू? बाईंनाही गृहपाठ असतो. मी डी.एड.ला असताना प्रत्येक पाठाआधी टाचण काढायला लागायचं. उद्दिष्ट काय, मुलांचं पूर्वज्ञान काय, साधनं कोणती, कृती कोणती, मूल्यमापन कसं करणार आणि शेवटी गृहपाठ. टाचण नसेल तर आमचे सर पाठ घेऊच द्यायचे नाहीत. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, मी त्या पहिल्या शर्यतीला टाचण न काढता गेले, म्हणून बसमध्ये बसले. तर या वेळी वर्गानं माझ्या सहलीचं टाचण काढलं. कोणत्याही सहलीला, शर्यतीला, अगदी शिष्यवृत्तीच्या परीक्षेलाही ते चालेल. बघा.

उद्दिष्ट. मुलांनी आधी लिहिलं, ‘पहिला नंबर’. मी म्हटलं, अरे, तिथे हजारो माणसं पळतात! मग खोडून लिहिलं, ‘स्वतःच्या पायांनी शेवटपर्यंत जाणे’. उद्दिष्ट असं हवं की ते आपल्या हातात असेल. मला बाई म्हणून हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवावंसं वाटलं.

पूर्वज्ञान. इथे मी माझ्या मागच्या चुका लिहायला सांगितल्या. ही यादी लांब झाली. रात्रभर बसनं प्रवास करून पहाटे पोचले आणि न झोपताच पळाले. आदल्या संध्याकाळी चमचमीत पावभाजी खाल्ली. सकाळी काहीच खाल्लं नाही. बूट कोरे करकरीत, पहिल्यांदाच घातलेले. गर्दीच्या नादानं पहिले दोन किलोमीटर सुसाट सुटले. आणि तहान लागेपर्यंत पाणी प्यायले नाही. सहा चुका! त्यांतली एकही पायांची नव्हती. सगळ्या डोक्याच्या होत्या.

साधनं. बुटांवर वर्गात मोठा वाद झाला. “बूट नसले तर पळता येत नाही का?” एकानं विचारलं. मग मला फडेप्पा दरेप्पा चौगुले यांची आठवण झाली.

चौगुले बेळगावचे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांच्या मुलांना अनवाणी पळताना पाहिलं आणि त्यांना वाटलं, ही मुलं ऑलिंपिकला जायला हवीत. १९२० साली हिंदुस्थानचे मोजके खेळाडू बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिकला गेले. चौगुले त्यांच्यात होते. आता ती सहल कशी असेल बघा! मुंबईहून बोटीनं समुद्र ओलांडायचा. आधी इंग्लंडला जाऊन सराव करायचा, मग अँटवर्पला पोचायचं. अन्न वेगळं, हवा गार, भाषा अनोळखी. आणि त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, पाऊण कमी ४३ नव्हे, चांगली ४२ किलोमीटर ७५० मीटर. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. बाहेरगावी जाऊन मॅरेथॉन पळण्याची आपल्याकडची ही फार जुनी गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी! विमान नाही, फोन नाही, पण तयारीला महिनेच्या महिने दिलेले.

तेव्हा बूट हवेतच, कारण मला अनवाणी पळायची सवय नाही. पण ते जुने, पायाला ओळखणारे हवेत. आम्ही साधनांच्या खाली नियम लिहिला : ‘शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नाही’. बूट नवीन नाहीत, मोजे नवीन नाहीत, खाणंही नवीन नाही. परीक्षेला नवं पेन नेतो आणि ते चालत नाही, तसंच हे.

कृती. म्हणजे सराव. रविवारी लांब पळायचं. सहा किलोमीटरपासून सुरुवात, दर आठवड्याला एकच किलोमीटर वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करून पायांना सुट्टी द्यायची. शेवटच्या आठवड्यात तर अगदी थोडं. हे मुलांना पटेना. “परीक्षेच्या आधी तर जास्त अभ्यास करतात!” मी म्हटलं, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करणाऱ्याचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. दमलेले स्नायू विश्रांतीत दुरुस्त होतात आणि तेव्हाच बळकट होतात.

सपाट पळायला फाइव्ह गार्डन्स आहे. पण घाटाचं काय? कोळीवाड्यात घाट कुठून आणायचा? उत्तर मुलांनीच शोधलं. शीवचा किल्ला! १६६९ ते १६७७ या काळात इंग्रजांनी मुंबईच्या हद्दीवर, शत्रूवर नजर ठेवायला, टेकडीवर बांधलेला छोटासा किल्ला. आम्ही तिथे दर वर्षी परिसर-सहलीला जातो. टेकडी यवतेश्वरापुढे पिल्लूच, पण एकदा चढली तर. दहा वेळा चढली-उतरली तर पाय बरोबर बोलायला लागतात. हल्ली शनिवारी सकाळी मी तिथे खाली-वर करत असते आणि फिरायला आलेले आजोबा रोज विचारतात, “काही हरवलंय का हो?”

प्रवास आणि पैसा. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत दर महिन्याला ५०० रुपये डब्यात टाकायचे. आठ महिन्यांचे झाले ४,०००. त्यात नावनोंदणी, येणं-जाणं, एक रात्र राहणं, जेवण. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, हे एका मुलीनं सांगितलं तेव्हा वर्गातल्या मुलग्यांनी मोठा निषेध केला. रेल्वेनं जायचं तर सकाळची कोयना एक्सप्रेस आहे, पण साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, म्हणून पुढच्या रिक्षाचेही पैसे धरायचे. काही झालं तरी शुक्रवारी निघायचं, म्हणजे शनिवारी छातीवर लावायचा नंबर शांतपणे घेता येईल आणि रात्रीची झोप मिळेल. नावनोंदणी तर महिने आधीच करावी लागते, जागा भराभर संपतात. ती मी केली आहे.

“आणि कंदी पेढे, बाई? ते कुठल्या खर्चात?”

साताऱ्याला जाऊन पेढे न आणणाऱ्या बाई कुठल्या शाळेला चालतील? पेढ्यांना वेगळी रांग केली. आणि दहा भागांतला एक भाग अडीअडचणीसाठी बाजूला ठेवला. त्याला हात लावायचा नाही, पेढ्यांसाठीसुद्धा नाही. सोमवारी सुट्टी मिळाली तर कासचं पठार पाहायचं आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासही आहे. पावसाळ्याच्या अखेरीला तिथे फुलांचे गालिचे पसरतात. मिकीच्या गावातला राजवाडा माणसांनी बांधला, हा पावसानं.

मावशींची टोपली

आमच्या पालकसभेत मी हे टाचण दाखवलं. वेण्यावाल्या मुलीची आई मासे विकते. पहाटे तीनला उठून भाऊच्या धक्क्यावर जायचं, माल घ्यायचा, टोपली डोक्यावर घेऊन यायचं आणि आमच्या बाजारात बसायचं. त्या टाचण बघून हसल्या. “बाई, पैसे भरून पळायचं? आम्ही रोज पळतो, आमच्या गळ्यात कोण काय घालत नाय.”

सभा एकदम गप्प झाली. मलाही उत्तर सुचेना, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. मी म्हटलं, “खरं आहे, मावशी. मग मला शिकवा. पहाटे तीनला उठून तुमचं काही राहून जात नाही, ते कसं?”

त्या सावरून बसल्या. “सोपं हाय. सगळी भरणी रातीच करायची. पैसे एका जागी, कोयता एका जागी, पोरीचा डबा एका जागी. पहाटे फक्त उचलायचं. पहाटे शोधायला लागलात की धक्का गेला हातातून. आणि पोट रिकामं ठेवायचं नाय. चा-चपाती खाऊनच निघायचं.”

आमच्या टाचणात हे नव्हतं! मुलांनी लगेच लिहून घेतलं : ‘सगळी भरणी रात्रीच’. डिस्नेला तीन वाजता उठणाऱ्या हजारो माणसांना जे कुणीतरी शिकवत असेल, ते आमच्या बाजारात रोज कुणी न शिकवता चाललेलं असतं.

मी म्हटलं, “मावशी, चला ना साताऱ्याला, लेकीला घेऊन.” त्या म्हणाल्या, “रविवार म्हणजे आमचा धंद्याचा दिवस, तो कसा सोडू?” लेकीचा चेहरा उतरला. तिनं अजून घाट पाहिलेला नाही. मग मावशी जरा थांबून म्हणाल्या, “पण शनवारी रातीला फोन करीन. टोपली भरली का, विचारायला.”

लेकीनं हळूच माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “बाई, घाटाचा फोटो काढा. पळताना नको, नाहीतर फुगे पुढे जातील. येताना काढा.”

मूल्यमापन

टाचणातली शेवटची रांग राहिली होती. शर्यत पूर्ण झाली की नाही, हे कसं ठरवायचं? घड्याळ आहे, पट्टी आहे, नंबर आहे. पण या वर्गाला ते पुरेसं वाटलं नाही, आणि का वाटावं?

“बाई, या वेळीपण बस आली तर?” किराणावाल्यानं विचारलं.

मी म्हटलं, “तर बसेन. पाय दुखावून घेण्यात शहाणपण नाही.”

“आणि मग आम्हाला सांगाल?”

“सोमवारी पहिल्या तासाला.”

त्यानं मूल्यमापनाच्या रांगेत लिहिलं : ‘बाई खरं सांगतील’. आणि खाली पेन्सिलीनं दुहेरी रेघ मारली, त्याचे बाबा हिशोबाखाली मारतात तशी.

यंदाची शर्यत अजून व्हायची आहे. मी रविवारी अकरा किलोमीटरपर्यंत पोचले आहे. खणातलं पदक तिथेच आहे. चिठ्ठी खोडली जाईल की नाही, ते मला आज सांगता येत नाही. पण जे होईल ते याच पानावर तुम्हालाही सांगेन.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. पुढची सहल ठरवताना, ती अमेरिकेची असो की आजोळची, मुलांना शेजारी बसवा. तिकिटाचे पैसे, राहण्याचे पैसे, अडीअडचणीचे पैसे त्यांच्या हातून लिहून घ्या. परवडत नसेल तर ‘परवडत नाही’ असं साधं सांगा. मुलं समजून घेतात आणि कधी कधी आपल्यालाच जवळचा सातारा दाखवतात.

आणि दोस्तांनो, तुमचा गृहपाठ. एका कागदावर तुमच्या मनातल्या एका सहलीचं टाचण काढा. उद्दिष्ट, पूर्वज्ञान, साधनं, कृती, मूल्यमापन. पूर्वज्ञानात मागच्या वेळच्या चुका लिहायला विसरू नका. आणि तुमच्याही खणात एखादं उधारीचं पदक असेल, म्हणजे न केलेल्या कामाची मिळालेली शाबासकी, तर घाबरू नका. आधी त्याला चिठ्ठी बांधा. फेडायला वर्ष आहेच.

तुमच्या,
शीव कोळीवाड्याच्या बाई